मूत्रमार्गाचा संसर्ग : घरगुती उपाय आणि पूरके

लखनौहून रायबरेलीकडे जाणारा रस्ता शहराच्या दक्षिणेस तेलीबाग या वस्तीतून जातो. याच रस्त्याने आणखी थोडे पुढे गेले की संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थान लागते. या संस्थेची पायाभरणी १४ डिसेंबर १९८० रोजी झाली. मूत्रपिंडाचे विकार आणि मूत्ररोग या दोन्ही विषयांचे स्वतंत्र विभाग तेथे आहेत, आणि उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागातून, बिहारमधून, तसेच नेपाळमधूनही रुग्ण तेथे येत असतात.

या रस्त्याने रुग्णालयाकडे निघालेली एखादी चाळिशीची गृहिणी आपण डोळ्यांसमोर आणू. आठ-दहा दिवसांपूर्वी तिला लघवीच्या वेळी जळजळ होऊ लागली. आपल्याकडे याला 'उन्हाळी लागणे' म्हणतात. मे महिन्यात लखनौचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, म्हणून हा उष्णतेचाच प्रकार असावा असे घरच्यांना वाटले. तिने जवाचे व धण्याचे पाणी घेतले. शेजारणीच्या सांगण्यावरून क्रॅनबेरीच्या भुकटीची पुडी आणली. औषधांच्या दुकानातून लघवीची जळजळ थांबवणारे गोडसर पातळ औषध घेतले, आणि घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्याही घेतल्या. जळजळ कमी झाली, पुन्हा वाढली आणि नवव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला व पाठीत कळा येऊ लागल्या.

ही स्त्री काल्पनिक आहे, परंतु हा क्रम मात्र काल्पनिक नाही. तिने केलेल्या उपायांपैकी कोणता उपयोगी होता, कोणता निरुपद्रवी होता आणि कोणत्या उपायाने मोलाचे दिवस वाया गेले, हे पाहणे हा या प्रकरणाचा हेतू आहे.

संसर्ग कसा होतो

मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते आणि तेथून मूत्रनलिकेवाटे बाहेर पडते. पुरुषाची मूत्रनलिका सुमारे २० सेंटिमीटर लांब असते, तर स्त्रीची अवघी ४ सेंटिमीटर. शिवाय स्त्रीच्या शरीरात तिचे मुख गुदद्वाराच्या जवळ असते. त्यामुळे आतड्यातील जंतूंना मूत्राशयापर्यंतचा प्रवास सोपा जातो. जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, त्याचे मुख्य कारण ही शरीररचना आहे. त्यात अस्वच्छपणाचा किंवा लाज वाटण्याचा काही प्रश्न नाही.

या संसर्गास बहुतेक वेळा कारणीभूत होणारा जंतू म्हणजे एशेरिकिया कोलाय. थिओडोर एशेरिक या वैद्याने १८८५ साली अर्भकांच्या विष्ठेतील या जंतूचे वर्णन केले. आतड्यात तो निरुपद्रवी राहतो. मूत्राशयात मात्र तो आपल्या अंगावरील सूक्ष्म तंतूंच्या साहाय्याने आतील अस्तराला चिकटतो. हे तंतू अस्तरावरील मॅनोज नावाच्या शर्करेला धरून ठेवतात. अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत एका जंतूचे दोन होतात. लघवीच्या प्रवाहाबरोबर जंतू वाहून जाणे आणि उरलेल्यांची वाढ होणे, या दोन क्रियांची ही शर्यत आहे. पुढे ज्या उपायांचा विचार करावयाचा आहे, त्यांतील बहुतेक उपाय एक तर प्रवाह वाढवितात किंवा जंतूंचे चिकटणे रोखू पाहतात.

पाणी

सर्वांत साध्या उपायाला सर्वांत चांगला आधार आहे. बल्गेरियात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४० स्त्रियांनी भाग घेतला. या सर्वजणींना वारंवार मूत्राशयाचा दाह होत असे आणि त्या दिवसाकाठी दीड लिटरपेक्षा कमी पेयपदार्थ घेत. निम्म्याजणींना रोज दीड लिटर पाणी जास्त पिण्यास सांगण्यात आले. वर्षभरात या गटात दर स्त्रीमागे सरासरी १.७ वेळा, तर दुसऱ्या गटात ३.२ वेळा त्रास झाला. म्हणजे केवळ पाण्याने हा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला.

हा सल्ला देणे सोपे आहे, पाळणे तितके सोपे नाही. बाजारात बसणारी, बांधकामावर राबणारी किंवा दूरच्या बसप्रवासास निघालेली स्त्री मुद्दाम कमी पाणी पिते, कारण वाटेत जाण्याजोगे शौचालय नसते. गेली तरी ती लघवी तासन् तास रोखून धरते. अशा स्त्रीला पाण्याचा उपदेश करण्याआधी तिच्या कामाच्या जागी स्वच्छ शौचालय आहे किंवा नाही हे विचारले पाहिजे.

जवाचे पाणी, धण्या-जिऱ्याचे पाणी, पातळ ताक, वाळ्याचे पाणी यांचा गुण मुख्यतः त्यांतील पाण्याचा आहे. ती घेण्यास हरकत नाही. मात्र शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. ज्यांची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत त्यांना ते धोक्याचे ठरू शकते. अशा रुग्णांनी आणि हृदयविकाराने सूज येणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाणही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

क्रॅनबेरी आणि करवंद

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतील दलदलीच्या जमिनीत वाढणारे लाल, आंबट फळ. त्यातील प्रोअँथोसायनिडिन नावाची द्रव्ये जंतूंना अस्तराशी चिकटू देत नाहीत असे मानले जाते. या फळाविषयीचे मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे. उपलब्ध चाचण्यांचा एकत्र विचार करणाऱ्या कॉक्रेन परीक्षणाने २०१२ मध्ये त्याचा विशेष उपयोग नाही असे म्हटले होते. २०२३ च्या परीक्षणात ५० चाचण्या व ८,८५७ व्यक्तींचा समावेश झाला आणि निष्कर्ष वेगळा निघाला. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका सुमारे २६ टक्क्यांनी, तर मुलांमध्ये सुमारे ५४ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. वृद्धाश्रमांसारख्या संस्थांत राहणारे वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि मूत्राशय पूर्ण रिकामे न होणारे रुग्ण यांना मात्र लाभ आढळला नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हा लाभ पुढचा संसर्ग टाळण्यापुरता आहे. झालेला संसर्ग क्रॅनबेरीने बरा होत नाही. आपल्या गृहिणीने पुडी आणली ती चुकीच्या वेळी.

दुसरी गोष्ट फळाच्या ओळखीची. उत्तर प्रदेशात ज्याला करौंदा म्हणतात, ते आपल्या सह्याद्रीतील करवंदाचे भावंड. आंबट आणि लालसर असल्याने त्याला कधी कधी 'भारतीय क्रॅनबेरी' म्हणून विकले जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोहोंचा संबंध नाही. करवंद कण्हेरीच्या कुलातील, तर क्रॅनबेरी बुरांशच्या कुलातील आहे. करवंदाचे लोणचे आवडीने खावे, परंतु एकावर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष दुसऱ्याला लावू नयेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी क्रॅनबेरी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

मॅनोज आणि दही

जंतू मॅनोजला धरतात, तर पोटातून मॅनोज देऊन त्यांना फसवावे, ही कल्पना मोठी आकर्षक आहे. आरंभीच्या लहान चाचण्यांनी आशाही वाढवली. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत ५९८ स्त्रियांना सहा महिने रोज २ ग्रॅम मॅनोज किंवा तशीच दिसणारी दुसरी भुकटी देण्यात आली. मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्के स्त्रियांना पुन्हा त्रास झाला. हा फरक योगायोगानेही पडू शकला असता. तर्क कितीही पटण्याजोगा असला तरी प्रयोगाने तो तपासावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दह्यातील व गोळ्यांतील उपकारक जंतूंविषयीही अशीच स्थिती आहे. २०१५ च्या कॉक्रेन परीक्षणात त्यांचा निश्चित लाभ दिसला नाही. दही आहार म्हणून उत्तम आहे. रजोनिवृत्तीनंतर वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांनी मात्र पूरकांवर खर्च करण्यापूर्वी डॉक्टरांना एक गोष्ट विचारावी. योनीत लावण्याच्या इस्ट्रोजेन मलमाने १९९३ च्या एका चाचणीत वर्षाला सरासरी ५.९ वेळा होणारा त्रास ०.५ वर आलेला आढळला होता.

गोखरू, पुनर्नवा इत्यादी वनस्पती

लघवीच्या कष्टाला आयुर्वेदात मूत्रकृच्छ्र म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मूत्राचे प्रमाण वाढविणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गट सांगितला आहे. त्यात श्वदंष्ट्रा म्हणजे गोखरू, पाषाणभेद, दर्भ, कुश, काश इत्यादींची गणना होते. पुनर्नवा (आपली घेटुळी) आणि वरुण (वायवर्णा) यांचाही वैद्य उपयोग करतात. या परंपरेचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु मूत्र वाढविणे आणि जंतू नष्ट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने सौम्य त्रासात आराम पडू शकेल, दुसरीची शाश्वती त्यातून मिळत नाही.

वनस्पतींची पारख कशी करावी, याचा धडाही लखनौमध्येच मिळतो. १९५१ साली छत्तर मंझिल या नवाबी वास्तूत सुरू झालेल्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शेकडो भारतीय वनस्पतींच्या अर्कांची पद्धतशीर तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९६८ पासून प्रसिद्ध होऊ लागले. काचनळीतील यश, प्राण्यांवरील यश आणि माणसावरील यश या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरील फारच थोड्या वनस्पती तिसरीपर्यंत पोहोचतात.

निर्मितीची शुद्धता हाही प्रश्न आहे. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हे धातू मूत्रपिंडालाच इजा करतात. म्हणून परवाना क्रमांक नसलेली पुडी घेऊ नये. पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाची सूचना भारतीय नियमांनुसार छापावी लागते. ती वाचावी आणि खरी मानावी.

जळजळ थांबवणारे औषध आणि उरलेल्या गोळ्या

दुकानातील गोडसर पातळ औषध बहुधा सायट्रेट क्षाराचे असते. त्याने मूत्राची आम्लता कमी होते आणि काहींना बरे वाटते. जंतू त्याने मरत नाहीत. त्यातील सोडियम रक्तदाब असणाऱ्यांना योग्य नव्हे. शिवाय या संसर्गावर नेहमी दिले जाणारे नायट्रोफ्युरँटॉइन आम्ल मूत्रात अधिक परिणामकारक असते, हेही लक्षात ठेवावे.

सर्वांत घातक ठरल्या त्या उरलेल्या दोन गोळ्या. अपुऱ्या मात्रेने दुबळे जंतू मरतात आणि चिवट जंतू मागे राहतात. त्यातच लघवीची तपासणीही फसू शकते. २००८ साली स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीत जवळजवळ कोणत्याही प्रतिजैविकाला दाद न देणारा जंतू सापडला. या रुग्णावर पूर्वी भारतातील रुग्णालयात उपचार झाले होते. २००९ मध्ये या शोधाचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि जगभर काळजी पसरली. प्रतिजैविके जपून वापरण्याची निकड यावरून ध्यानात येईल.

थांबू नये अशी वेळ

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या, लघवीतून रक्त ही लक्षणे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची असू शकतात. तेव्हा घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, पुरुष, मधुमेही आणि मुतखड्याचे रुग्ण यांनी साध्या जळजळीतही वाट पाहू नये.

शक्यतो प्रतिजैविकाची पहिली मात्रा घेण्यापूर्वी लघवी तपासावी. प्रथम थोडी लघवी सोडून द्यावी, मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी आणि ती लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू ही १९५६ मध्ये एडवर्ड कास यांनी सुचविलेली मर्यादा अजूनही उपयोगात आहे. मात्र लक्षणे स्पष्ट असतील तर याहून कमी संख्याही महत्त्वाची ठरते.

आता तेलीबागच्या रस्त्यावरील त्या गृहिणीकडे परत येऊ. तिचे जवाचे पाणी योग्य होते, क्षाराचे औषध फारसे अपायकारक नव्हते. पहिल्या दोन दिवसांतच लघवी तपासून योग्य औषध पूर्ण दिवस घेतले असते, तर पाठीच्या कळांपर्यंत बहुधा वेळ आली नसती. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा हा त्रास झाला, तर तो वारंवार होणारा मानतात. तसे असेल तर बरे झाल्यावर तिने रोजचे पाणी वाढवावे, लघवी रोखू नये आणि परवडत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने क्रॅनबेरी घेऊन पाहावी. पूरकांची वेळ ही आहे : संसर्ग बरा झाल्यानंतरची आणि पुढचा होण्यापूर्वीची.