डिजिटलवरचा फोटो

पालकहो, निकाल लागला की बांबवडे, मलकापूरच्या चौकात डिजिटल बोर्ड झळकतात. हार घातलेला फोटो, 'हार्दिक अभिनंदन' आणि खाली मामा-काका-मित्रमंडळाची रांग. पोरांचं कौतुक व्हायलाच हवं. पण ते बघून आपण घरी येतो आणि पोराला म्हणतो, 'पुढच्या वर्षी तुझा फोटो लागला पाहिजे.' तिथनं पुढं त्याचा अभ्यास भावकीतल्या आपल्या मानाचा प्रश्न होऊन बसतो.

ही ओढ मला कळते. आपल्या शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांनी पिढ्यानपिढ्या मुंबईला माणसं पाठवली. गिरणीत, माथाडीत हाडं झिजली. 1982 च्या गिरणी संपानंतर कित्येकांना रिकाम्या हातानं गाव गाठावं लागलं. आपल्या पोरावर ती पाळी येऊ नये, असं कुणाला वाटणार नाही?

पण हिशोब बघा. 2024 साली डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी नीट परीक्षेला देशभरातून 23 लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. वीस-बावीस जणांत एकाला प्रवेश. मग उरलेली सगळी पोरं काय उनाड होती? आणि ज्याला मिळतो त्याच्या घरी तरी समाधान कुठं टिकतं? पेढे संपायच्या आत पाव्हणे विचारतात, 'एमडी कधी?'

नीट रिपीट करणारा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. सुट्टीला येताना तो मुद्दाम शेवटची एसटी धरतो, म्हणजे स्टँडवर 'किती पडले?' विचारायला कुणी नसतं. घरी ताटावर बसला की ऐकतो, 'तुझ्यासाठी दुभती म्हैस विकली.' आई मायेनंच बोलते, पण त्याचा घास तिथंच अडतो. क्लासेससाठी ओळखल्या जाणाऱ्या राजस्थानातल्या कोटा शहरात 2023 च्या ऑगस्टमध्ये प्रशासनाला वसतिगृहांच्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचा आदेश काढावा लागला. पोरांनी त्या पंख्यांना गळफास घेऊ नये म्हणून. एवढ्या थराला गोष्ट गेली आहे.

तेव्हा रिपीटची फी भरण्याआधी पोराला बाजूला घेऊन विचारा, 'तुला काय करायचंय?' तो नर्सिंग म्हणेल, आयटीआय म्हणेल, शेती म्हणेल. लगेच समजवायला जाऊ नका, त्याला पुरतं बोलू द्या. पोर जेवेना, झोपेना, बोलायचंच बंद झालं, तर दहावी-बारावीचं खूळ म्हणून सोडून देऊ नका. मनाच्या त्रासाबद्दल बोलायला टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या आणि पोराच्या, दोघांच्याही मोबाईलमध्ये तो आजच सेव्ह करा.