पाळी येण्याआधी बोला

मुलगी चौथी-पाचवीत गेली की तिच्याशी पाळीबद्दल बोलायला बसा. बहुतेक मुलींना बारा-तेराव्या वर्षी पाळी येते, पण नवव्या-दहाव्या वर्षी येणाऱ्याही असतात. छातीची वाढ सुरू झाली, की साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते. ही खूण आईच्या नजरेतून सुटत नाही. तरी आपण ‘पुढच्या वर्षी सांगू’ म्हणतो.

माझं माहेर अकोला जिल्ह्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. मला पाळी आली तेव्हा मायनं जुन्या लुगड्याची घडी हाती दिली, दूर बसवलं आणि म्हटलं, “आता पोरांसंगं खेळू नको.” बाकी काही नाही. खाऱ्या पाण्याला साबणाचा फेस येत नसे, कापड कडकच राही. ते गोठ्यामागे, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवायचं. पावसाळ्यात ओलसरच वापरायचं. मांड्या सोलवटत, खाज सुटे, पण सांगणार कोणाला? तेच कापड कडक उन्हात वाळवलं असतं तर हा त्रास कमी झाला असता, एवढं साधं ज्ञान आमच्यापर्यंत आलं नाही.

आता पॅड गल्लीतल्या किराणा दुकानातही मिळतात, म्हणून दिवस बदलले असं वाटतं. पण अकोल्यातल्या माझ्या भाचीला पाचवीत असताना शाळेतच पाळी आली. पोटात काहीतरी फाटलं, असं तिला वाटलं. तिनं कमरेला स्वेटर बांधला आणि घरी कोणाला काही सांगितलं नाही. शाळेच्या स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून पाणी पिणं सोडलं, तेही अकोल्याच्या उन्हात. लघवीला जळजळ, मग ताप. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिच्या आईला कळलं. त्या पोरीनं ती भीती एकटीनं सोसली, हे आजही मला सहन होत नाही.

म्हणून अमरावतीत माझ्या मुलीशी मी दहाव्या वर्षाच्या आत बोलले. मेथी निवडताना बोलले. हात कामात असले की नजर चुकवावी लागत नाही. पोटात गर्भाशय असतं, त्याचं आतलं अस्तर दर महिन्याला तयार होतं आणि बाळ राहिलं नाही की रक्तासोबत बाहेर पडतं. दोन ते सात दिवस चालतं. सगळं मिळून रक्त बहुधा दोन-तीन मोठे चमचेच असतं. “दुखते काय, आई?” तिनं विचारलं. दुखतं, कधी कमी, कधी जास्त, असं खरंच सांगितलं. मग तिच्याच हातानं निकरला पॅड लावून पाहायला लावलं. चार ते सहा तासांत बदलायचं, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं, संडासात नाही. दप्तरात एक पॅड, एक निकर, एक कागदी पिशवी. शाळेत कोणत्या बाईंना सांगायचं, तेही ठरवलं. वडील समोर होते. पॅड आणायला बाबांनाही सांगता येतं, हे तिला त्या दिवशीच कळलं.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापुरात, शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली; मुख्याध्यापिकेला अटक झाली. तुझे कपडे उतरवण्याचा हक्क कोणालाही नाही, असं झालं तर लगेच घरी सांग, हे वाक्य मुलीला पाठ असू द्या.

“इतक्या लहान पोरीले कायले सांगतं तू?” आमच्या आत्याबाई म्हणाल्या. पुढे मुलीला पाळी सुरू झाल्यावर त्याच आत्याबाईंनी भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी लांबवायची गोळी आणायला सुचवलं. ती हार्मोनची गोळी आहे. डॉक्टरांना न विचारता, मेडिकलमधून आणून शाळकरी मुलीला देऊ नका. माझी मुलगी पाळीत असतानाही महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या निवडायला बसते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्या घरी आपलं पाहावं, पण गोळीच्या बाबतीत माझं ऐकावं.

पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, घाबरू नका. पण तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, दुखण्यामुळे शाळा बुडत असेल, आठव्या वर्षाआधीच छातीची वाढ किंवा पाळी सुरू झाली किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलीनं जेवणानंतर घेतली का, ते विचारा. अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग ही सरकारी स्त्री रुग्णालयं आहेत, आणि किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. मुलीला घेऊन जा आणि डॉक्टरांशी आधी तिलाच बोलू द्या.