घरातला सिनेमा आणि मुलं

पुण्यात शनिवार पेठ आहे. पेशव्यांचा शनिवारवाडा याच पेठेत. पेठेला लागूनच अप्पा बळवंत चौक आहे. तिथे १९३४ साली किबे लक्ष्मी थिएटर उघडले. पुढे लोक त्याला प्रभात टॉकीज म्हणू लागले. प्रभात ही चित्रपट काढणारी कंपनी. ती १९३३ साली कोल्हापुराहून पुण्याला आली. तिने १९३६ साली ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढला. आजोबांनी पाहावा, सुनेने पाहावा, नातवानेही पाहावा, असा तो बोलपट.

त्या काळी सिनेमा पाहायचा तर घराबाहेर पडावे लागे. शहरात थिएटर असे. गावात जत्रेला तंबूतला सिनेमा येई. तिकीट काढावे लागे. दारावर माणूस उभा असे. “हा खेळ मोठ्यांचा. पोराला आत सोडता येणार नाही,” असे तो सांगू शके.

आता सिनेमाच घरात आला आहे. एका फोनमध्ये शेकडो चित्रपट मावतात. पेठेतला वाडा असो की तुमचे गाव असो, गोष्ट एकच. देवाधर्माचा चित्रपट आणि खूनमारामारीचा चित्रपट एकाच पडद्यावर शेजारी शेजारी असतात. बोट इकडचे तिकडे झाले की भलताच खेळ सुरू. इथे दारावर माणूस नाही. मग ते काम कोणी करायचे? घरातल्या मोठ्या माणसांनी.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, कुठला चित्रपट कसला, हे आम्हांला कसं कळावं?” त्याची खूण चित्रपटावरच असते. ती वाचायला शिकू या.

खुणा वाचा

आपल्या देशात १९५२ साली चित्रपटांचा कायदा झाला. थिएटरात लागणारा चित्रपट आधी सरकारी मंडळ पाहते आणि दाखला देते. चित्रपट सुरू होण्याआधी तो दाखला पडद्यावर दिसतो. त्यावर इंग्रजी अक्षर असते.

‘यू’ हे अक्षर बादलीसारखे दिसते. तळाला गोल, वर उघडे. असा चित्रपट सर्वांनी पाहावा.

‘ए’ हे अक्षर शिडीसारखे दिसते. दोन पाय फाकलेले, मधे एक पायरी. असा चित्रपट १८ वर्षांवरच्या माणसांसाठी. लहान मुलांना तो थिएटरात दाखवता येत नाही.

‘यू’ आणि ‘ए’ दोन्ही शेजारी असली, तर आईबापांनी विचार करून मुलांना दाखवावा. ही खूण १९८३ साली आली. २०२३ साली कायदा बदलला आणि तिच्यापुढे आकडा आला. आकडे तीन : ७, १३ आणि १६. आकडा १३ असेल, तर १३ वर्षांखालच्या मुलाला एकट्याला बसवू नये. आधी तुम्ही ठरवावे, मग जवळ बसून दाखवावा.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. दाखल्यावर देवनागरी अक्षरही असते. ‘अ’ म्हणजे अनिर्बंधित, म्हणजे सर्वांसाठी. ‘व’ म्हणजे वयस्क, म्हणजे मोठ्यांसाठी. इंग्रजी ‘ए’ आणि आपला ‘अ’ यांचा घोटाळा करू नका. दोघांचा अर्थ अगदी उलटा आहे.

इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांना सरकारने २०२१ साली नियम घालून दिले. त्यांनीही अशीच खूण दाखवायची. १३ आकड्यापासून पुढच्या चित्रपटांना कुलूप घालायची सोय द्यायची. सोय त्यांनी द्यायची, पण कुलूप आपण लावायचे.

किल्ली कोणाच्या हाती?

पुष्कळ घरांत उलटा कारभार दिसतो. फोनचे कुलूप मुलगाच लावतो आणि मुलगाच उघडतो. कारण वाचता त्यालाच येते. बाप विचारतो, “हे काय लिहिलंय रे?” मुलगा सांगेल ते खरे.

मुलगा वाईट आहे असे नाही. पण सातवीतल्या पोराने स्वतःचा आणि धाकट्या बहिणीचा राखणदार व्हावे, हे ओझे त्याच्या वयाला जड आहे. आता तुम्हांला अक्षरे येतात, आकडे येतात. ते ओझे तुम्ही उचला.

कसे उचलायचे?

१. चित्रपटांच्या ॲपमध्ये मुलांचे वेगळे खाते काढता येते. ते काढा. त्यात मुलाच्या वयाचा आकडा निवडा.

२. मोठ्यांच्या खात्याला आकड्यांचे कुलूप लावा. त्याला पिन म्हणतात. पिन म्हणून मुलाचे जन्मसाल घालू नका. मुले ते पहिल्यांदा घालून पाहतात.

३. पेनड्राइव्हवर चित्रपट असतील, तर मोठ्यांचे आणि मुलांचे वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. मोठ्यांचा कपाटात ठेवा. घरात लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवतो, तसेच हे.

४. कोणी दिलेल्या चित्रपटावर खूण नसेल, तर आधी आपण पाहा.

५. दरवर्षी आकडा तपासा. मूल वाढते, तसे कुलूप सैल झाले पाहिजे. १४ वर्षांच्या मुलीला ७ वर्षांच्या मुलाचेच चित्रपट दाखवत राहिलो, तर ती शेजारच्या फोनवर जाईल.

नाही म्हणा, पण कारण सांगा

नुसत्या कुलपाने काम भागत नाही. समजा, नऊ वर्षांची नात विचारते :

“आजी, दादाला तो भुताचा सिनेमा चालतो, मग मला का नाही?”

“अगं, तो मोठ्या मुलांचा आहे. त्यात फार भेसूर दाखवलंय. तुला रात्री झोप यायची नाही.”

“मी नाही भिणार.”

“बरं. तू तेरा वर्षांची झालीस की आपण दोघी मिळून पाहू. आणि कुठं असलं काही दिसलंच, तर येऊन मला सांग. मी रागावणार नाही.”

या आजीने तीन गोष्टी केल्या. नाही म्हटले. कारण दिले. आणि सांगायला वाट मोकळी ठेवली. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. मुलाने बाहेर कुठे वाईट पाहिले, आणि मार बसेल म्हणून ते गप्प बसले, तर ती भीती ते एकटेच सोसते. तिथे कुठलीच पिन उपयोगी पडत नाही.

आणखी एक. मोठ्यांनी स्वतःचा चित्रपट मुले जागी असताना त्याच खोलीत लावला, तर कुलूप कशाला लावले? मुले झोपल्यावर पाहा, नाहीतर सर्वांना चालेल असा लावा.

आज एक काम करा. घरातला फोन हाती घ्या. कोणताही एक चित्रपट उघडा. त्याची खूण शोधा आणि मोठ्याने वाचा. मुलाला विचारू नका. तुम्ही वाचा, आणि मुलाला ऐकू द्या.

उत्तरे लिहा

१. ‘ए’ या खुणेचा अर्थ काय?
२. ‘अ’ आणि ‘व’ यांचे अर्थ लिहा.
३. आजीने नातीला कोणते कारण दिले?
४. तुमच्या घरात पिन कोणाला ठाऊक आहे?