सुरतेत अँटेनावर टीव्ही? पैसे घालण्याआधी हे वाचा

‘एचडी अँटेना, महिन्याचा खर्च शून्य’ अशी जाहिरात पाहून तो मागवणार असाल, तर थांबा. सुरतेत त्याचा उपयोग नाही. दूरदर्शनने फेब्रुवारी 2016 मध्ये अँटेनावरचं डिजिटल प्रसारण 16 शहरांत सुरू केलं. त्यात मुंबई, औरंगाबाद, अहमदाबाद होती, सुरत नव्हती. जुने ट्रान्समीटरही 2022 पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले.

मग परदेशातले नातेवाईक अँटेनावर टीव्ही कसा पाहतात? ब्रिटनमध्ये बीबीसीबरोबर आयटीव्ही, चॅनल फोरसारख्या वाहिन्याही अँटेनावर येतात. आपल्याकडे ही वाट फक्त दूरदर्शनला मोकळी आहे. खासगी मालिका तिथे नाहीत, म्हणून गिऱ्हाईक नाही. शिवाय सुरतेत 31 मार्च 2013 पासून केबललाही डिजिटल बॉक्स सक्तीचा झाला. पैसे तिकडे गेले, अँटेना मागे पडला.

तुमच्यासाठी खरा स्वस्त मार्ग म्हणजे डीडी फ्री डिश, दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी मोफत सेवा. छत्री, बॉक्स, वायर आणि बसवणं धरून एकदाच साधारण दीड ते अडीच हजार रुपये. कागदपत्रं नाहीत, नोंदणी नाही, महिन्याचं बिल नाही. सगळ्या वाहिन्या हव्यात तर बॉक्स एमपीईजी-4 चाच मागा. दुकानदार जुना एमपीईजी-2 गळ्यात मारू शकतो. नवा टीव्ही घेणार असाल तर त्यात सॅटेलाइट ट्यूनर आहे का ते विचारा. असेल तर छत्रीची वायर थेट टीव्हीला लागते, वेगळा बॉक्स लागत नाही. फोनवर कोणी ‘फ्री डिशचं रिचार्ज संपलं’ म्हणून पैसे मागितले, तर तो फसवतोय. फ्री डिशला रिचार्जच नसतं.

पैसे देण्याआधी गच्चीवर जा. छत्रीचं तोंड सुरतेहून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 55 अंश वर लागतं. उधना, लिंबायत, डिंडोलीच्या दाट वस्तीत त्या बाजूला शेजारचा मजला किंवा पाण्याची टाकी आडवी आली, तर चित्र येणार नाही. भाड्याची खोली असेल तर घरमालकाची परवानगी आधी घ्या. वायर मीटरवर मोजून लावतात, म्हणून दर आधी ठरवा. वायर, स्टँड आणि मजुरी धरून एकच आकडा लिहून घ्या.

फ्री डिशवर मराठीसाठी डीडी सह्याद्री आणि गुजरातीसाठी डीडी गिरनार मिळतात. खासगी मराठी वाहिन्या फ्री डिशवरच्या जागांच्या लिलावानुसार बदलतात. मात्र झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी त्यावर नाहीत. आईला संध्याकाळच्या मालिकाच हव्या असतील तर केबल किंवा डीटीएच घ्यावं लागेल, आणि घासाघीस तिथे करायची. केबल-डीटीएचच्या महिन्याच्या नेटवर्क शुल्काची 130 रुपयांची कमाल मर्यादा 2024 मध्ये निघाली. बसवण्याचे, जागा बदलण्याचे दरही मोकळे झाले. म्हणून ‘तीनशेचा पॅक’ ऐकून हो म्हणू नका. विचारा: 18 टक्के जीएसटी धरून किती? दुसऱ्या टीव्हीचे किती? बॉक्स विकत की भाड्याने, अनामत परत मिळते का? केबलवाल्याला महिन्याची पावती मागा. मोठ्या पॅकऐवजी हव्या तेवढ्या मराठी वाहिन्या सुट्या घेऊन हिशेब करून पाहा.

उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याला महिनाभर जाणार असाल तर जोडणी तात्पुरती थांबवायला आधीच लेखी कळवा, आणि पुन्हा सुरू करायचे पैसे लागतात का ते त्याच वेळी विचारून ठेवा.