करुणा आणि ममत्व

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना तेराव्या श्लोकात ‘करुण’ आणि ‘निर्मम’ हे दोन शब्द एकामागोमाग आले आहेत. वाचताना त्यांची ही जवळीक सहज निसटून जाते. दया करणाऱ्याने ‘माझे’पण का सोडावे, हे समजण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणावे.

जबलपुरास ग्वारीघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर एक जुने मराठी बिऱ्हाड आहे असे समजावे. यजमान निवर्तले, मुले परगावी गेली, घरात काकू एकट्या. पावसाळ्यातील एका रात्री पन्हाळीखाली भिजत असलेले मांजराचे पिल्लू त्यांनी आत आणले. येथवर सर्व उचितच घडले. पण मांजरीला विण्यास साठ-पासष्ट दिवस पुरतात. पिल्लू पाच-सहा महिन्यांत स्वतः माता होऊ शकते. अंगावर पाजणारी मांजरीही पुन्हा गाभण राहते. त्यातच काकू मांजरे सांभाळतात ही वार्ता पसरते, आणि लोक पिशवीतून पिल्ले आणून रात्री दाराशी ठेवून जातात. (शेजाऱ्यांची ही भूतदया मोठी स्वस्त असते.) काही वर्षांत घरात चाळीस मांजरे होतात. दुधाला पैसे पुरत नाहीत, मूत्राच्या उग्र वायूने डोळे चुरचुरतात, एकाचे नाक गळू लागले की आठवड्यात अनेकांचे गळते. माळ्यावर मेलेले पिल्लू दोन-दोन दिवस कोणाच्या ध्यानात येत नाही. पुतण्या कळवळून म्हणतो, “काकू, अहो, ही इथे मरताहेत!” काकू उत्तर देतात, “अरे, माझ्यावाचून मरतील ती.” त्या खोटे बोलत नाहीत. पुतण्याला जे दिसते ते त्यांना दिसतच नाही.

हे घर कल्पनेतील असले तरी अशी गर्दी कल्पनेतील नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या हडपसर भागातील एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरी असल्याचे उघडकीस आले. शेजारी दुर्गंधीने त्रासले होते. तेथील व्यक्तीच्या मनाचे निदान दुरून करणे योग्य होणार नाही. तथापि या प्रकाराचा अभ्यास अन्यत्र झालेला आहे. अमेरिकेतील पशुवैद्य गॅरी पॅट्रोनेक यांनी १९९९ साली अशा ५४ प्रकरणांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि पुष्कळांनी साठी ओलांडली होती. त्यांच्या व्याख्येत जनावरांच्या मोठ्या संख्येबरोबरच दोन गोष्टी येतात : अन्न, स्वच्छता व औषधोपचार यांची किमान व्यवस्था न होणे, आणि ती होत नाही हे त्या व्यक्तीला न उमगणे. वीस गाई नीट पोसणारा गोपालक म्हणूनच या व्याख्येत बसत नाही. पुढे २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथाने साठवणुकीच्या विकाराला स्वतंत्र स्थान दिले आणि प्राण्यांच्या संग्रहाचाही त्यात निर्देश केला.

भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरत राजाची कथा येथे आठवते. राज्य त्यागून गंडकीतीरी राहिलेल्या त्या तपस्व्याने प्रवाहात पडलेले हरिणीचे पाडस वाचविले. पुढे त्याच्याच चिंतेत एकेक नित्यकर्म सुटले आणि अंतकाळीही मन त्या हरणातच राहिले. दोष पाडस वाचविण्यात नव्हता. वाचविल्यावर ते ‘माझे’ झाले, तेथे पाऊल घसरले. मात्र भरताच्या हरणाला चारा तरी पुरेसा होता. काकूंच्या ममत्वाची झळ मुक्या जिवांना बसते, म्हणून ‘त्यांचे मन दुखवू नये’ एवढ्यावर थांबणारी दया अपुरी पडते.

कायदा या प्रसंगी थोडेच करतो. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे पाळलेल्या जनावरास पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा आहे. पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये. याहून मोठी अडचण अशी की, सारी मांजरे एका दिवसात उचलून नेली आणि काकूंकडे मागे कोणी पाहिले नाही, तर घर पुन्हा भरू लागते. जे एकटेपण पहिल्या पिल्लाने भरले होते, ते तसेच राहिलेले असते.

म्हणून काम हळू, पण आजारी जिवांपासून सुरू करावे. जबलपुरास यासाठी दूर जावे लागत नाही. तेथे १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००९ साली त्याचे विद्यापीठ झाले, आणि आज ते नानाजी देशमुखांच्या नावाने ओळखले जाते. प्रथम अत्यवस्थ मांजरांवर उपचार, मग सर्वांवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर चांगली घरे शोधणे. दोन-तीन जुनी मांजरे मात्र काकूंपाशीच राहावीत. काकूंनाही डॉक्टरांकडे न्यावे. शोक आणि विस्मरण यांवर उपचार असतात. पुतण्याने दर आठवड्याला जावे, ‘घाण’ हा शब्द उच्चारू नये, आणि पहिल्या भेटीत मांजरे मोजत बसण्याऐवजी त्यांची नावे विचारावीत. काकू ती आनंदाने सांगू लागतात, आणि सांगता सांगता एखाद्या नावाशी अडखळतात, कारण ते मांजर बरेच दिवसांत दिसलेले नसते.