कासवाचे डोळे सुजलेत? आधी दिवा बघा, मग खाणं बघा



पावसाळी बंदीत बोटी शाकारून पडल्या की घरातल्या गोष्टींकडे नीट लक्ष जातं. मग कुणीतरी विचारतं, "पोराचं कासव चार दिवस डोळेच उघडत नाही, काय करू?" सुरतेकडे, म्हणजे हजिरा-मगदल्ल्याच्या बाजूला काय किंवा उधना-लिंबायतच्या आपल्या मराठी घरांत काय, काचेच्या पेटीतलं हिरवं कासव आता बऱ्याच ठिकाणी दिसतं. डोळे सुजले की लोक म्हणतात, म्हातारं झालं, नाहीतर झोपलंय. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. त्याचे डोळे दुखत असतात, आणि कारण आपल्या हातातलं असतं. म्हणून आजचा धडा यावर.

हे कासव कोणतं?

डोळ्यामागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा असेल तर ते लाल-कानी कासव. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. विकताना रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असतं, पण नीट जगलं तर पाठ २५ सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि आयुष्य वीस-तीस वर्षांचं असतं. म्हणजे आज पहिलीतल्या पोराला आणून दिलेलं कासव त्याच्या लग्नालाही हजर असू शकतं.

लाल पट्टा नसेल, पाठ मऊ असेल किंवा पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील, तर ते आपल्या देशातलं कासव असू शकतं. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलंय, ते जरूर वाचा.

डोळे बंद म्हणजे पोट बंद

कासव खाणं मुख्यतः बघून शोधतं. पापण्या सुजून मिटल्या की समोर पडलेला तुकडाही त्याला दिसत नाही. मग ते खात नाही, अशक्त होतं, अशक्त झालं की डोळे आणखी बिघडतात. हे चक्र हळूहळू चालतं. कासव पटकन मरत नाही, म्हणून आपल्याला वाटतं बरंच आहे. म्हणून डोळे मिटलेले दिसले की त्याच आठवड्यात हालचाल करायची.

कारणं मुख्यतः तीन.

कारण पहिलं: आपलीच सुकट

मासळी घरात, त्यामुळे कासवाला रोज काय? जवळा, सुकट, सोडे, नाहीतर साफ केलेल्या मासळीचा तुकडा. कासव आवडीने खातं आणि आपल्याला वाटतं, यापेक्षा चांगलं खाणं कोणतं! गडबड इथेच होते.

मासळीतलं अ जीवनसत्त्व मुख्यतः काळजात असतं. साफ करताना आपण काळीज आणि आतडी काढून टाकतो, कासवाला मिळतो तो नुसता गर. उन्हात वाळवल्यावर उरलंसुरलं जीवनसत्त्वही कमी होतं. आपल्या लहान मुलांना अंगणवाडीत जे अ जीवनसत्त्वाचं औषध पाजतात, तेच कासवाला खाण्यातून मिळायला हवं. नाही मिळालं तर डोळ्याभोवतीच्या ग्रंथींचं अस्तर जाड आणि कोरडं होतं, ग्रंथी तुंबतात, पापणी फुगते आणि आत पांढरट पनीरसारखा घट्ट पू साठतो. कधी डोळ्याच्या मागे, कानाच्या जागी गाठही येते. तीही बऱ्याचदा याच कमतरतेतून येते.

उपाय: रोजच्या खाण्यातली सुकट बंद. छोटी मासळी द्यायची तर न साफ करता अख्खी द्या, तीही आठवड्यातून एक-दोनदाच. कासवासाठी मिळणारं तयार खाणं चांगल्या प्रतीचं घ्या. शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा, पाण्यावर तरंगणारी बारीक पानं हे सगळं चालतं. लहानपणी कासव मांसाहार जास्त करतं, मोठं झालं की पाला जास्त लागतो. सुरुवातीला पाला बघणारही नाही. दोन दिवस दुसरं काही देऊ नका, मग तोंड लावेल.

एक सावधगिरी. अ जीवनसत्त्व कमी पडलंय म्हणून दुकानातून इंजेक्शन किंवा गोळ्या आणून घरी देऊ नका. ते जास्त झालं तर कासवाची कातडी सोलून निघते. मात्रा पशुवैद्यच ठरवतील.

कारण दुसरं: पाणी

कासव ज्या पाण्यात खातं त्याच पाण्यात घाण करतं. दोन-तीन दिवसांत पाण्यात अमोनिया वाढतो आणि डोळ्याला झोंबतो. खाणं वेगळ्या टबात द्या, पेटीला गाळणी बसवा, दर आठवड्याला पाणी बदला. नळाचं क्लोरीनचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग वापरा. हे कासव गोड्या पाण्यातलं आहे, त्याला खाडीचं किंवा दर्याचं पाणी नको.

कारण तिसरं: दिवा

हे कारण लोकांच्या सगळ्यात कमी लक्षात येतं, पण बोटमालकांना ते सगळ्यात लवकर समजेल.

बोटीच्या कामावर वेल्डिंग चालू असताना कुणी काच न लावता ठिणगीकडे बघतो. त्या वेळी काही होत नाही. रात्री मात्र डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी डोळ्याचा वरचा पातळ पडदा भाजलेला असतो. चुकीच्या दिव्याखाली कासवाचं नेमकं हेच होतं. फरक इतकाच की आपण काम सोडून घरी जातो. कासव पेटीत अडकलेलं असतं आणि दिवा रोज दहा तास त्याच्यावर चालू असतो.

मग दिवा काढूनच टाकायचा का? नाही. उन्हात 'यूव्हीबी' नावाचे किरण असतात. ते कातडीवर पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि त्याच्याशिवाय खाण्यातलं कॅल्शियम हाडात आणि पाठीत जात नाही. असा उजेड कधीच मिळाला नाही तर पाठ मऊ पडते, वाकडी होते. म्हणजे उजेड हवाच, पण योग्य हवा.

सूर्याचे अतिनील किरण जमिनीपर्यंत येतात तेव्हा साधारण २९० नॅनोमीटरच्या खालचे, म्हणजे सगळ्यात तिखट किरण, वर हवेतच गाळले जातात. काही दिवे मात्र तेही सोडतात. काही वर्षांपूर्वी सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या काही छोट्या वेटोळ्या दिव्यांखाली कासवं आणि सरडे डोळे मिटून बसू लागले. ब्रिटनमधल्या पशुवैद्य फ्रान्सिस बेन्स यांनी असे दिवे मोजून दाखवले आणि हा प्रश्न सगळ्यांसमोर आणला. दिवा बंद केल्यावर बरेच प्राणी काही दिवसांत बरे झाले.

दिवा कसा लावायचा

१. सगळ्यात चांगला दिवा म्हणजे सूर्य, आणि सुरतेत त्याची काही कमी नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात पसरट टबात थोडं पाणी घेऊन कासवाला वीस-तीस मिनिटं ठेवा. अर्धा टब सावलीत हवा, आणि वर जाळी, म्हणजे कावळा-मांजर येणार नाही.

२. काचेची पेटी उन्हात कधीच ठेवू नका. पाणी तापून कासव मरेल. आणि काच यूव्हीबी अडवते, त्यामुळे खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचाही उपयोग नाही.

३. दिवा घ्यायचाच तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली, नावाजलेल्या कंपनीची लांब यूव्हीबी नळी घ्या. पाकिटावर अंतर लिहिलेलं असतं, बरेचदा फूटभर किंवा जास्त. ते मोजपट्टीने मोजा, अंदाजाने नको.

४. दिवा वरून लावा, बाजूने नाही. डोळ्याच्या वरचं हाड आणि पापणी वरच्या उन्हापासून डोळ्याला सावली देतात. बाजूने आलेला उजेड थेट बुबुळावर पडतो.

५. बसायला कोरडा दगड आणि सावलीचा कोपरा, दोन्ही हवं. उजेड नकोसा झाला तर त्याला सरकता आलं पाहिजे. बसायची जागा ३० ते ३२ अंश, पाणी २४ ते २७ अंश पुरे. सुरतेच्या उन्हाळ्यात उष्णतेचा वेगळा बल्ब लागतच नाही, थंडीत लागला तर लागतो.

६. रात्री पूर्ण अंधार. दिवसाला दहा-बारा तास उजेड बास.

७. यूव्हीबी नळी दिसायला चालू असली तरी सहा महिने ते वर्षभरात तिचे उपयोगी किरण कमी होतात. लावल्याची तारीख नळीवरच पेनाने लिहून ठेवा.

८. हे दिवे चालणार नाहीत: पाणी शुद्ध करायच्या मशीनमधला जंतुनाशक दिवा, खोट्या नोटा तपासायचा जांभळा दिवा, कीटक पकडायचा निळा दिवा, मासेमारीचे मोठे एलईडी. जंतुनाशक दिवा तर माणसाच्या डोळ्यालाही घातक आहे. साधा घरचा एलईडी डोळ्याला भाजत नाही, पण त्यातून यूव्हीबीही मिळत नाही.

९. पाण्यावर वीज आहे हे विसरू नका. दिवा घट्ट अडकवा. वायर आधी खाली झोळीसारखी सोडून मग प्लगला न्या, म्हणजे पाण्याचा थेंब प्लगपर्यंत पोचणार नाही. गळती-विद्युत तोडणारा स्विच घरात असलाच पाहिजे.

कोणतं कारण, कसं ओळखायचं

• नवा दिवा लावला आणि एक-दोन दिवसांत दोन्ही डोळे मिटले: दिव्यावर संशय. लगेच बंद करा.
• आठवड्यांमागून आठवडे पापणी फुगत गेली, खाणं नुसतं सुकटीचं: जीवनसत्त्व.
• पाण्याला वास, डोळे लाल: पाणी.
• एकच डोळा: ओरखडा, कचरा किंवा गाठ.
• नाकातून फुगे, तोंड उघडून श्वास, पोहताना एका बाजूला कलणं: छातीचा आजार. थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

पहिल्या दिवशी करायचं एवढंच: दिवा बंद, पाणी स्वच्छ आणि कोमट, जागा शांत. दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर पशुवैद्याकडे न्या, आणि जाताना दिव्याचं पाकीट आणि खाण्याची पुडी बरोबर घ्या. घरातल्या माणसाचे डोळ्याचे थेंब घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा कायमचा जाऊ शकतो. पापणीतला पू नखाने काढायला जाऊ नका.

आणि हो, कासवाला हात लावला की साबणाने हात धुवा, पेटीचं पाणी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ओतू नका. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. लहान पोरं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा छोट्या कासवांची विक्रीच बंद केली.

जाळ्यात आलेलं कासव

दर्यावरच्या कासवाच्या डोळ्यातून चिकट पाणी येताना दिसलं की खलाशी म्हणतात, रडतंय, आजारी आहे, घरी नेऊ. ते रडत नसतं. समुद्रकासव डोळ्याजवळच्या ग्रंथीतून शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकतं. तो डोळ्याचा आजार नाही.

समुद्रकासव, नदी-तळ्यातलं मऊ पाठीचं कासव, तारा कासव, ही सगळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पकडलं किंवा ठेवलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार दंड. दमलेलं समुद्रकासव फळीवर सावलीत ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा, अंग ओलं ठेवा, तोंडावर बॅटरी मारू नका. हालचाल करू लागलं की इंजिन थांबवून हळूच सोडा. महाराष्ट्रातल्या बोटींना असं कासव सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५ हजारांपर्यंत भरपाईची योजना २०१८ पासून आहे. जखमी प्राण्यासाठी गुजरातेत १९६२ हा नंबर लावा.

नको झालं म्हणून तापीत सोडू नका

लाल-कानी कासव परक्या पाण्यात सोडलं की तिथल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावतं. युरोपने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. केरळात वनसंशोधन संस्थेला ही कासवं लोकांकडून गोळा करायची मोहीम काढावी लागली. ज्या नदीत आपली जाळी पडतात तिथेच हे संकट सोडणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. सांभाळणं जमत नसेल तर वन खात्याला विचारा. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियमही २०२४ मध्ये आलेत. आपल्या कासवाची नोंद लागते का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

आज घरी गेल्यावर एवढंच करा: पेटीवरचा दिवा कोणता आहे ते वाचा, अंतर मोजा, आणि सुकटीचा डबा वर ठेवून द्या. तांडेलाला बोटीचा दिवा कुठे आणि किती उंच हवा हे पाठ असतं. पोराच्या कासवाच्या दिव्यालाही तेवढंच लक्ष द्या. ज्यांच्या घरी कासव आहे त्यांच्यापर्यंत हे पोचवा.