अठरा फुटांवरचा उजेड

उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या पेरांवर मला सात टाके पडले. लेथचा लाकूड धरणारा चक हळूहळू उलटा फिरतोय असं दिसलं, म्हणून मी हात पुढे केला होता. चक हळू फिरत नव्हता आणि उलटाही फिरत नव्हता. मिनिटाला जवळजवळ दीड हजार फेरे घेत तो सरळच फिरत होता. मला चुकीचं दाखवलं ते मीच लावलेल्या दिव्यांनी.

पातूरला आमच्या घराच्या मागच्या अंगाला कापूस भरायचं जुनं गोदाम आहे. मोकळा कापूस थेट वरपर्यंत रचायचा, म्हणून त्या वेळी भिंती उंच उठवलेल्या. आढ्याला अठरा फूट, वर पत्रा, लांबी चोवीस फूट, रुंदी चौदा. वडील बंडीची चाकं करायचे. मी पाळण्याचे खांब, पोळपाट-लाटणी, देव्हारे करतो. उंच छताचा मला आनंदच होता. तापलेली हवा वर राहते, दहा फुटी फळी उभी करून फिरवता येते. लेथ कुठे, कटर मशीन कुठे, लाकूड कुठे रचायचं, सगळं खडूनं जमिनीवर आखलं. दिव्याचा विचार मात्र सगळ्यात शेवटी केला. चूक तिथूनच सुरू झाली.

गोदामांत असतो तसा शंभर वॉटचा गोल एलईडी दिवा आणला आणि आढ्याच्या मधोमध टांगला. दारातून पाहिलं तर गोदाम दिवसासारखं लख्ख. टेबलापाशी उभा राहून सागाच्या फळीवर पेन्सिलची रेघ ओढायला वाकलो, तर रेघ माझ्याच डोक्याच्या सावलीत. इकडून वाकलो तर डोकं आड, तिकडून वाकलो तर खांदा. एकच दिवा, तोही पाठीमागून. पटाशी रेघेवर टेकवताना मी अंदाजानं टेकवत होतो, आणि खाच अर्धा सूत सुटली की हाताला दोष देत होतो.

हिशेब मी फार उशिरा केला. दिवा आणि काम यांतलं अंतर दुप्पट झालं की त्या दिव्याचा कामावर पडणारा उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. माझं टेबल तीन फूट उंच, म्हणजे दिवा त्याच्यापासून पंधरा फूट वर. तसल्या दिव्यातून साधारण दहा हजार ल्युमेन निघतात. ते चौफेर पसरून पंधरा फूट खाली बरोबर दिव्याखालीसुद्धा दीडशे लक्सच्या आसपासच पोचतात, कोपऱ्यांत त्याहून कितीतरी कमी. आपल्याकडे आतल्या उजेडाचं भारतीय मानक आहे, क्रमांक ३६४६. त्यात रंधा मारणं, मापात कापणं अशा सुतारकामाला किमान ३०० लक्सचा आणि बारीक कामाला, बारीक घासाईला किमान ५०० लक्सचा दंडक आहे. मी त्याच्या निम्म्या-चौथाई उजेडात वर्षभर काम केलं.

मग मे महिना आला. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याखालच्या शेवटच्या दोन फुटांत काय होत असेल, हे आढ्यापर्यंत शिडी चढलेल्यालाच कळतं. एलईडीचा दिवा सहसा जळत नाही, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज बदलून देणारं सर्किट, जातो. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढीमागे साधारण निम्मं होतं. माझा दिवा पहिल्याच उन्हाळ्यात लुकलुकायला लागला. तो उतरवायला पुतण्या बांबूच्या शिडीवर चढला, मी खाली शिडी धरून. वर त्याचा एक हात आढ्याला, एक दिव्याला, आणि शिडीचा पाय भुशावरून चार बोटं सरकला. तो पडला नाही. पण आजही ती चार बोटं आठवली की माझ्या तळव्यांना घाम फुटतो. दिवा जितका उंच, तितकी त्याची दुरुस्ती जिवावरची. दुकानात दिवा घेताना हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

शिडीच्या धास्तीनं मी मधला रस्ता काढला. घरात जुन्या तांब्याच्या चोकच्या दोन ट्यूबा पडून होत्या, त्या लेथच्या मागच्या भिंतीवर आठ फुटांवर ठोकल्या. उजेड छान पडला. दिवाळीच्या आधीची संध्याकाळ, पाळण्याची ऑर्डर अंगावर, शेजारची पिठाची गिरणी जोरात चालू. मी बटण दाबून लेथ बंद केल्याचं मला पक्कं आठवत होतं. पाहिलं तर चक अगदी सावकाश, तीन-चार सेकंदांना एक फेरा, मागे-मागे फिरत होता. थांबायला आलाय असं समजून खांबावर हात फिरवायला गेलो. गिरणीच्या आवाजात मोटारीचा आवाज बुडालेला. चकच्या जबड्यानं पेरं फोडली तेव्हा कळलं, लेथ चालू आहे.

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण ते घरोघरच्या कारखान्यांत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला शंभर वेळा ती शून्यावर येते, आणि चोकची ट्यूब तितक्याच वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते कळत नाही. पण फिरणारी वस्तू त्या प्रत्येक तेजाला एकदा 'दिसते'. माझ्या चकला चार जबडे. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५, गुणिले चार, म्हणजे शंभर. दर झगमगाटाला एका जबड्याच्या जागी बरोबर दुसरा जबडा आलेला असतो, आणि चक थांबल्यासारखा दिसतो. मोटार दीड हजाराच्या जराशी खाली फिरते, म्हणून जबडा दर वेळी थोडा मागे पडतो आणि चक उलटा सरकताना दिसतो. तीन जबड्यांच्या चकला हेच २००० फेऱ्यांवर होतं. कटर मशीनच्या पानाचं तर विचारूच नका. तीन हजाराच्या जवळ फिरणारं पान दाते मोजता येतील असं निवांत दिसू शकतं.

एलईडी घेतला की हा धोका संपला, असं समजू नका. स्वस्त दिव्यांत ड्रायव्हर नावापुरता असतो, तेही सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. दुकानातच दिवा लावून मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरा, जमलं तर स्लो मोशनमध्ये. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बैठकीत लावा, मशीनवर नको. मोठ्या कारखान्यांत शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर टाकतात, म्हणजे एक मंद होतो तेव्हा दुसरा तेज असतो. घरी थ्री-फेज असेल तर वायरमनला तेवढं जरूर सांगा.

टाके निघाल्यावर मी सगळं उतरवलं आणि परवाना असलेल्या वायरमनला बोलावून नव्यानं मांडलं. चार-चार फुटी, बंद आवरणाच्या, वीस वॉटच्या बारा एलईडी पट्ट्या, तीन ओळींत. त्या छताला ठोकल्या नाहीत. छपराच्या कैच्यांवरून साखळ्या सोडून जमिनीपासून नऊ फुटांवर आणल्या. टेबलापासून उंची झाली सहा फूट. दोन ओळींतलं अंतर या उंचीच्या फार पुढे जाऊ द्यायचं नाही, नाहीतर मध्ये काळोखाचा पट्टा पडतो. टेबलावरची ओळ मी बरोबर टेबलावर नाही, उभ्या माणसाच्या कपाळाच्या जरा पुढे घेतली. आता वाकलो तरी रेघ उजेडातच राहते. जिथे लांब फळी उलटवतो त्या मोकळ्या जागेवरची ओळ मात्र अकरा फुटांवर ठेवली. आधी तिथेही नऊवरच होती, आणि पहिल्याच आठवड्यात बाभळीच्या फळीचं टोक पट्टीला लागलं. साखळ्या बांधण्याआधी तुमची सगळ्यात लांब फळी उभी करून गोल फिरवून पाहा.

प्रत्येक ओळीला कप्पी आहे. दोर सैल केला की ओळ छातीशी येते. लाकडाचा भुसा महिन्याभरात पट्टीवर असा बसतो की उजेड कधी गेला ते कळत नाही. आता वीज बंद करून ओल्या फडक्यानं पुसायला पाच मिनिटं लागतात, शिडी लागत नाही.

भिंतींना चुना मारला. जुन्या काळ्या भिंती अर्धा उजेड गिळत होत्या. लेथ आणि कटर मशीनला हलत्या दांडीचा एकेक दिवा वेगळा दिला, चांगल्या ड्रायव्हरचा. पांढऱ्याफेक ६५०० केल्व्हिनऐवजी ४००० चे दिवे घेतले. जुन्या उजेडात एकसारखा दिसलेला देव्हारा गिऱ्हाइकाच्या ओसरीत ठेवला तेव्हा एक दार तांबूस आणि एक पिवळसर निघालं होतं. म्हणून पॉलिशच्या कोपऱ्यासाठी सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा आकडा, ९० च्या वर असलेलाच दिवा घ्या. उजेड यावा पण ऊन कमी यावं, म्हणून उत्तरेकडच्या उतारावर दोन पारदर्शक पत्रेही बसवले. पण मेच्या चौथ्या आठवड्यात सूर्य पातूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी थोडा उत्तरेलाच राहतो. त्या दिवसांत पत्र्याखाली पांढरं कापड ताणतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो, ती. दिव्यांचं सर्किट आणि मशीनचं सर्किट कधीही एक करू नका. कटर मशीनमध्ये गाठीचं लाकूड अडकलं आणि एमसीबी पडला, तर मशीनबरोबर दिवाही जातो. पान मात्र लगेच थांबत नाही. गच्च अंधारात, हाताच्या वीतभर अंतरावर, फिरत राहतं. आमच्याकडे रब्बीचं ओलीत सुरू झालं की व्होल्टेज पडतं, कधी वीजच जाते, तेव्हाही हेच होतं. म्हणून लेथवरचा आणि कटरवरचा एकेक दिवा इन्व्हर्टरवर आहे. आणि मशीनला असा स्टार्टर आहे की गेलेली वीज परत आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, बटण पुन्हा दाबावं लागतं. दोन्ही सर्किटांवर, गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग हवंच. पत्र्याचं छप्पर, लोखंडी कैच्या आणि लोखंडी साखळ्या असलेल्या जागेत एक सोललेली वायर सगळ्या शेडमध्ये वीज उतरवू शकते.

गेल्या महिन्यात बाळापूरकडचे एक जण मुलाला घेऊन आले. त्यांना वीस फुटी शेड बांधायची आहे, मुलगा फर्निचरचं काम शिकून आलाय. "भाऊ, वर किती वॉटचा टाकू?" त्यांनी विचारलं. मी लेथ चालू केला, पट्ट्या बंद केल्या आणि जपून ठेवलेली चोकची एक ट्यूब लावली. "चालू हाये का बंद?" मी विचारलं. त्यांनी चककडे पाहिलं, कान दिला. गिरणी चालू होती. "बंदच हाये ना," असं म्हणत त्यांच्या मुलानं बोट पुढे केलं. मी त्याचं मनगट आधीच धरून ठेवलं होतं.